नाळेच्या तोंडावरची फांदी

आवडीबाय, परवा तुझं बारावं झालं. मी आलो होतो, पण जेवायला थांबलो नाही. पोट बरं नाही असं तुझ्या लेकीला, हिरूला, सांगितलं.   हिरू माझ्या हातातल्या काठीकडे बघून म्हणाली, "काठी भायेर ठेवा, डाक्तर, पोरांच्या पायात येल." मी ती दाराबाहेर भिंतीला टेकवली आणि निघताना विसरल्यासारखं करून तिथंच सोडून निघालो. दहा पावलं गेलोही. मग परत फिरून घेतली.

त्या काठीचं मी तुला सांगणार आहे. पण एकदम सांगवत नाही. तुला माहीत आहे, मला कुठलाच चढ एका दमात चढता येत नाही.

मी डॉक्टर नाही हे तुला सात वर्षं सांगत होतो. मी देवी टोचणारा माणूस. लशीच्या नळ्या, सुई, स्पिरिटचा दिवा आणि नोंदवही एवढी पेटी घेऊन दिवाळी झाली की गावं फिरायची, पोरांना टोचायचं आणि आठव्या दिवशी परत त्याच गावी जाऊन फोड धरलाय का ते बघायचं. तू म्हणायचीस, "सुई हाय ना तुज्याकडं? मंग झालास डाक्तर." तुझं ऐकून सगळं काशीद गाव मला डाक्तर म्हणायला लागलं. रेवदंड्याला घरी माझ्या बायकोला कुणी तरी 'डाक्तरीनबाय' म्हटलं, त्याचं तिला चार दिवस हसू येत होतं. मला येत नव्हतं. आता त्या हाकेची इतकी सवय झाली आहे की कुणी नावानं बोलावलं तर मागं वळून बघायला उशीर होतो.

किनाऱ्याची गावं सोपी. पण काशीदच्या मागं डोंगरावर धनगरांचा वाडा आहे, तिथली वाट चढते, आणि मला उंचीची भीती वाटते. नोकरी धरताना ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. तुला पहिल्याच चढावर कळली. तू डोक्यावर सुकटीची पाटी घेऊन येत होतीस, मी एका कातळाला दोन्ही हातांनी धरून उभा होतो आणि पेटी पायाशी. तू माझ्याकडे बघितलंस, मग मी जिकडे बघत होतो तिकडे.

"खाली काय बगतंस? खाली तुजं काय पडलंय?"

मी म्हटलं, तुम्ही पुढं व्हा बाई, मी मागून येतो.

"पुडं तू चाल. मागं ऱ्हायलास तर पडलेला कळनार पन न्हाय."

सरकारी माणसाला अरे-तुरे करते म्हणून मला राग आला होता. पण मी पुढं चाललो. आणि मागून पाटीखालून तुझा आवाज यायला लागला. उजवा. थांब. आता डावा टाक. डावा, डाक्तर, डावा. सात हिवाळे मी त्या आवाजावर चढलो आणि उतरलो. माझे पाय नावापुरते माझे होते. हिरू दोन इयत्ता शिकली, ती मला 'तुमी' म्हणते, त्यावरून तू तिची थट्टा करायचीस. म्हणायचीस, "तिच्या तोंडात शाळा हाय. माज्या तोंडात सुकट."

माझ्यामुळं तुला वळसा पडत होता, हेही तू मला ऐकवल्याशिवाय राहिली नाहीस. वाट काळ्या धोंड्यापाशी फुटते. डावीकडची दांडावरून, डोंगराच्या सोंडेवरून, फिरत फिरत जाते, तिला वेळ लागतो. उजवीकडची सरळ नाळेत शिरते. डोंगराच्या दोन भिंतींमधली ती अरुंद घळ, पावसाळ्यात तिच्यातून पाणी येतं आणि उरलेलं वर्ष माणसं. तू एकटी असलीस की नाळेनं चढायचीस. मी बरोबर असलो की दांडानं. "तुज्यापायी माजा अर्दा जलम वळसा घालन्यात गेला," असं तू धनगरणींना सांगायचीस आणि त्या माझ्याकडे बघून हसायच्या.

आपला तो डोंगराचा वाद राहूनच गेला. रस्त्याच्या कामावर आलेल्या एका इंजिनिअरसाहेबांनी मला सांगितलं होतं की हा सगळा मुलूख आगीतून झालेला आहे. मी ते मोठ्या हौसेनं तुला सांगायला गेलो. जमीन फाटली, आतला तापलेला रस वर आला, पसरला, निवला, त्याचा कातळ झाला. मग पुन्हा फाटली, पुन्हा थर. म्हणून हे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात.

"कुनी पायलं?" तू विचारलंस.

"कुणी नाही. तेव्हा माणूसच नव्हता."

"मंग सायबाला सांगितलं कुनी?"

 पण दांडावर एके ठिकाणी काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये वीतभर तांबडी माती आहे, वाट तिच्यावरूनच जाते. ती मी तुला दाखवली. म्हटलं, एक आग निवली, मग पुष्कळ काळ गेला, माती झाली. आणि मग वरून दुसरी आग आली, तिनं ही माती भाजली, म्हणून तांबडी. तू पाटी उतरून खाली ठेवलीस. एवढ्यातेवढ्याला तू पाटी उतरत नव्हतीस. त्या मातीला बोट लावून बघितलंस आणि म्हणालीस, "दोन आगींच्या मदी एवडा येळ हुता? मंग त्यात काय काय उगावलं आसंल." एवढंच. पुढं सगळ्या वाटेवर तू मला डावा-उजवासुद्धा सांगितलं नाहीस, आणि मी कसा चढलो ते मलाच ठाऊक.

पुढच्या साली तू आपण होऊन विषय काढलास. "तुजी ती तांबडी माती वंगाळ हाय. पावसात मऊ होते, धुऊन जाते नि वरचा कातळ लटकत ऱ्हातो. नाळेत पन हाय ती, आर्ध्यावर. म्या तिला लई वर्सं वळखते." म्हणजे साहेबांना जे पुस्तकातून कळलं होतं ते तुला पायांनी कळलं होतं. मी तसं म्हणालो, तर तू लगेच दुसरं टोक धरलंस. डोंगर आधी की वाट आधी? मी म्हटलं अर्थातच डोंगर. तू म्हणालीस, "वाट न्हाय तर डोंगराला इचारतंय कोन? वाट आदी." त्याला द्यायला मी या पावसाळ्यात एक उत्तर तयार करून ठेवलं होतं. आता ते कुणाला देऊ? खरं सांगायचं तर ते फारसं चांगलंही नव्हतं.

आता फांदीचं.

दुसऱ्या की तिसऱ्या हिवाळ्यात, काळ्या धोंड्यापाशी, नाळेच्या तोंडावर एक फांदी आडवी पडली होती. मी नीटनेटका माणूस, ती बाजूला करायला वाकलो. तू माझ्या मनगटावर फटका मारलास. चांगला लागला होता.

"फांदी म्हंजे बोलनं," तू सांगितलंस. "आडवी ठेवली म्हंजे वाट मोडलीय, जाऊ नका. उचलली म्हंजे मी गेलो नि आलो, वाट बरी हाय. जो गेला न्हाय त्यानं उचलायची न्हाय. ते खोटं बोलनं झालं."

मी विचारलं, वाऱ्यानं उडून गेली तर? तू फांदीवर ठेवलेला नारळाएवढा दगड दाखवलास. आणि वर म्हणालीस, "तुला काय करायचंय? तू नाळेत येनार थोडाच?" मी नाळेत येणार नव्हतो, म्हणून मी ती गोष्ट वहीत लिहितात तशी डोक्यात ठेवली आणि वही मिटली. आवडीबाय, इथं माझं चुकलं. जी वाट आपली नाही तिचे नियमही आपल्याला लागत नाहीत असं मला वाटलं.

यंदा पाऊस नवरात्र उलटून गेलं तरी रेंगाळला होता. दिवाळी झाली, लस आली, आणि नेमका तुला ताप. लस उन्हात टिकत नाही, थांबून चालणार नव्हतं. तू अंथरुणातूनच म्हणालीस, "दांडानं जा. धोपट वाट हाय. तुला कुनी गिळनार न्हाय." मी गेलो. एकटा. तांबड्या मातीच्या जागेपाशी बराच वेळ उभा राहिलो, मग तुझ्यासारखं मोठ्यानं डावा, उजवा म्हणत ओलांडलं. वर सगळ्या पोरांना टोचलं. उतरलोही. काळ्या धोंड्यापाशी आलो तेव्हा मला इतका आनंद झाला होता की तो कुठं ठेवू असं झालं. धोंड्याखालचा उतार वाळलेल्या गवतानं निसरडा असतो. पायाशी एक फांदी दिसली. अंगठ्याएवढी जाड, सरळ. मी ती उचलली, पानं ओरबाडून टाकली आणि टेकत टेकत खाली आलो.

तिच्यावर दगड होता का? हे मी या पंधरवड्यात हजारदा आठवून पाहिलं. कधी आठवतं की नव्हता. कधी आठवतं की पायानं काहीतरी गडगडलं. एकदा पान दिसतं, एकदा दगड दिसतो, आणि यातलं खरं कुठलं आणि मी रचलेलं कुठलं ते मला सांगता येत नाही. ती आडवी होती की उभी, हेही नाही सांगता येत. काशीदमधल्या माझ्या खोलीवर आल्यावर मी चाकूनं तिची दोन्ही टोकं कापली आणि घासून गुळगुळीत केली. मी पहिल्यांदा एकटा गेलो आणि आलो, त्याची आठवण म्हणून. बघ, मी शब्दसुद्धा तेच वापरले. गेलो होतो, आलो होतो. पण दुसऱ्या वाटेनं.

कोयत्यानं तोडलेली होती की वाऱ्यानं मोडलेली, हे टोकावरून कळलं असतं. ते टोक मी कापलं.

त्याच संध्याकाळी मी तुला सांगायला आलो. तू उठून बसली होतीस, ताप उतरला होता. "आला डोंगर चढून माजा डाक्तर," असं म्हणून तू हिरूला मला चहा द्यायला लावलंस. मी काठी मुद्दाम खोलीवर ठेवून आलो होतो. म्हटलं, हातात काठी बघून ही म्हणेल म्हातारा झालास. आवडीबाय, ती थट्टा मी सहन केली असती तर तू ती काठी पाहिली असतीस. तू एका नजरेत ओळखली असतीस. मग मनगटावर नाही, थोबाडीत दिली असतीस, आणि आज जिवंत असतीस.

तिसऱ्या दिवशी तू पाटी घेऊन निघालीस. नाळेच्या तोंडावर फांदी नव्हती. म्हणजे कुणी तरी गेला आणि आला. तू शिरलीस. अर्ध्यावर, त्या तांबड्या मातीपाशी, वरचा कातळ सुटला. धनगरांच्या धाकूनं तुला खाली आणलं. मी तुझं तोंड बघितलं नाही. माझ्यानं झालं नाही.

आणि आता लोक बोलतात. धाकू म्हणतो, "नाळ मोडल्याली म्या बगितली, फांदी म्या सोता ठेवली हुती. म्हातारीनं वलांडली." आपले कोळी म्हणतात, धनगरांनी ठेवलीच नाही, आता अंगावर येतंय म्हणून सांगतात. वाड्यावरच्या बायका खाली यायच्या बंद झाल्या. बाजारात काल एकजण म्हणाला, वय झालं होतं आवडीचं, घाई झाली असेल, टाकला असेल पाय फांदीवरून. तुझ्याबद्दल. मी तिथं उभा होतो. हिरूही उभी होती. ती काही बोलली नाही, सुकट चाळत राहिली. आणि मीही बोललो नाही.

मी मनाला समजावत होतो की धाकूची फांदी वेगळी आणि माझी वेगळी. जंगलात फांद्या काय थोड्या पडतात? बायकोला सांगितलं तर ती घाबरली. "तुम्ही काय मुद्दाम केलंत? गप्प बसा. एकदा बोललात की ते परत गिळता येणार नाही. या गावातून फिरायचंय तुम्हाला." तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. तिला पोरांचं बघायचं आहे. पण रोज सकाळी उठलो की कोपऱ्यातली ती काठी दिसते. आठवा दिवस उलटून गेला, वाड्यावरच्या पोरांचे फोड बघायला मी गेलो नाही. काय सांगणार तिथं? आणि मागून डावा-उजवा कोण सांगणार? लाज वाटते, पण तू गेल्याच्या दुःखात हेही होतं, आता मला वर कोण नेणार.

इथवर लिहून मी वही मिटली होती. काल वर जाऊन आलो.

हिरू पाटी घेऊन पहिल्यांदाच वर वाड्यावर निघणार असं कळलं होतं. मी तिच्या आधी काळ्या धोंड्यापाशी जाऊन बसलो. ती आली, तुझीच चुंबळ डोक्यावर, तुझीच पाटी. मला बघून थांबली. मी पाठ केलेलं सगळं विसरलो.

"हिरू, ही काठी मी इथून उचलली."

तिनं पाटी उतरून धोंड्यावर ठेवली. "कवा?"

"आवडीबाय गेली त्याच्या तीन दिवस आधी. मला वाटलं नुसतीच पडलीय."

तिनं काठी घेतली. घासलेली टोकं बघितली नाहीत. मधल्या सालीवर नखानं खरवडलं, वास घेतला. मी वाट बघत होतो. ती म्हणेल, असल्या फांद्या वाऱ्यानं पडतातच, डाक्तर. एवढं म्हटलं असतं तर मी जन्मभर तिचे पाय धरले असते. तिनं सावकाश सगळीकडे नजर फिरवली. करवंदीच्या जाळ्या, निवडुंग, गवत.

"ही ऐनाची हाय. हितं ऐन कुटं हाय, डाक्तर?"

मी बघितलं. नव्हता. ऐनाची झाडं वर वाड्यापाशी आहेत, खाली एकही नाही. सात वर्षं मी त्या जागी बसून दम खाल्ला, आणि तिथं कुठलं झाड नाही हे मला माहीत नव्हतं. धाकूनं ती वरून तोडून खांद्यावर टाकून आणली होती. कुणाच्या तरी पायासाठी.

हिरूनं आता ती घासलेली टोकं बघितली. मग म्हणाली, "म्हंजे आईनं वलांडली न्हाय."

"नाही. ओलांडायला तिथं काही नव्हतंच."

"हे वर धाकूला सांगायचं. नि खाली बाजारात. तुमच्या तोंडानं."

"सांगतो."

तिनं काठी नाळेच्या तोंडावर आडवी ठेवली आणि दोन्ही हातांनी एक दगड उचलून तिच्यावर ठेवला. मी मदतीला वाकलो तर मानेनंच नको म्हणाली.

वर काय झालं ते आधी सांगतो, म्हणजे राहून जाणार नाही. धाकूला मी सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. त्यानं हिरूला ताक दिलं, मला दिलं नाही. ते बरोबरच होतं. पोरांचे फोड बघितले, खपल्या धरल्या आहेत, एकालाही ताप राहिलेला नाही. उद्या बाजार आहे. उद्या मी बाजारात उभा राहून सांगणार आहे. मग लोकांनी मला ताक द्यावं की धोंडे, ते त्यांच्याकडे. मी वर बोलून आलो हे घरी बायकोला अजून सांगितलेलं नाही.

पण मला तुला चढाचं सांगायचं आहे. दगड ठेवून झाल्यावर हिरूनं पाटी डोक्यावर घेतली आणि 'चला' म्हणाली. मी आपला मागं राहिलो. तिच्या पुढं चालायचा मला हक्क राहिला नाही असं वाटलं. ती थांबून राहिली. मी पुढं होईपर्यंत हललीच नाही. मग मी पुढं झालो. सगळ्या वाटेवर ती एक शब्द बोलली नाही. मागून फक्त पाटीची कुरकुर.

दांडावरच्या तांबड्या मातीपाशी आलो आणि माझे पाय थांबले. पावसानं ती जागा आणखी धुपली आहे, वाट वीतभर उरली आहे. पहिल्यांदा एकटा गेलो होतो तेव्हा मी मोठ्यानं म्हणालो होतो. काल तोंडातून आवाज निघेना. मी खाली बघितलं. खाली माझं काहीच पडलेलं नव्हतं, तरी बघितलं. मागं हिरू उभी होती, आणि मला कळलं की तिला काहीही करायची गरज नाही. तिला नुसतं गप्प राहायचं आहे. मीही नाही का गप्प राहिलो बाजारात?

 मग मागून आवाज आला.

"डावा टाक."

'टाका' नाही म्हणाली, आवडीबाय. तिच्या तोंडात शाळा आहे, सात वर्षांत ती मला कधी असं बोलली नव्हती. मला मान द्यायचं आता तिनं सोडलं म्हणून, की तुझ्या जागी उभं राहिल्यावर तोंडातून तुझंच आलं म्हणून, मला कळलं नाही. मागं वळून तिचं तोंड बघायचा धीर झाला नाही.

"डावा, डाक्तर, डावा."

मी डावा टाकला.